ट्रॅक्टरवाल्याची मोटार आणि तिचा बाजार

इंग्लंडमध्ये २०२० सालच्या सप्टेंबर महिन्यात एका जुन्या मोटारीचा लिलाव झाला. मोटार १९७१ सालची. आत बसायला जागा दोनच माणसांना, सामानाला जागा म्हणाल तर एक-दोन बॅगांपुरती, आणि उंची इतकी कमी की धडधाकट माणसाला वाकूनच आत शिरावे लागते. या मोटारीला किंमत आली ३२ लाख पौंड. तेव्हाच्या भावाने तीस कोटी रुपयांच्या वर. आठ लाखांना एक ट्रॅक्टर धरला तरी तेवढ्या पैशात साडेतीनशेहून अधिक ट्रॅक्टर दारात उभे राहिले असते.

आता हे श्रीमंतांचे खेळणे शेतकऱ्याच्या घरी येणाऱ्या साप्ताहिकात कशाला, असे कोणी विचारील. त्याला कारण आहे. या मोटारीच्या नाकावर जे नाव आहे ते मुळात ट्रॅक्टरचे नाव आहे. ती काढणारा माणूस शेतकऱ्याचा मुलगा होता, द्राक्षमळेवाल्याचा. आणि मोटारीचे नाव ठेवले आहे बैलांवरून. तेव्हा ही हकीकत आपल्या घरात अगदीच परकी नाही.

मोटारीचे नाव मिउरा, आणि कारखान्याचे नाव लॅम्बोर्गिनी.

भंगारातला ट्रॅक्टर

इटलीच्या उत्तर भागात पो नदीचे मोठे सपाट खोरे आहे. जमीन काळी आणि ओलिताची. तिथल्या चेंतो गावाजवळ रेनाझो म्हणून एक खेडे आहे. त्या खेड्यात २८ एप्रिल १९१६ रोजी फेरुच्चो लॅम्बोर्गिनीचा जन्म झाला. आईबाप द्राक्षे पिकवीत. पोराचे लक्ष मात्र वेलीपेक्षा अवजाराकडे. पुढे बोलोन्याजवळच्या एका तांत्रिक शाळेत तो यंत्रविद्या शिकला, आणि १९४० साली लढाईत त्याची भरती झाली ती विमानदलात. पण विमान उडवायला नव्हे. ऱ्होड्स नावाच्या बेटावर लष्कराच्या गाड्या दुरुस्त करायचे काम त्याच्याकडे आले. बेटावर सुटे भाग येणे कठीण. एका गाडीचे काढून दुसरीला बसवायचे, नसेल ते घडवायचे, अशी चार-पाच वर्षे गेली. शेवटी इंग्रजांच्या कैदेत थोडे दिवस काढून १९४६ साली तो घरी परतला.

घरी येऊन पाहतो तो शेतीची दैना. बैल-घोडे लढाईत गेलेले, ट्रॅक्टर मिळेना, मिळाला तर परवडेना. मात्र लष्कराने टाकून दिलेल्या ट्रकांचे ढीग जागोजागी पडले होते. फेरुच्चोने त्यांतली मॉरिस कंपनीची इंजिने उचलली आणि त्यांच्यावर ट्रॅक्टर उभा केला. त्यासाठी बापाची जमीन तारण ठेवली होती असे सांगतात. इंजिन होते पेट्रोलचे, आणि पेट्रोल तर महाग. त्याने असे साधन बसवले की इंजिन पेट्रोलवर सुरू करायचे आणि तापले की स्वस्त शेती-इंधनावर टाकायचे. आपल्याकडच्या जुन्या रॉकेल इंजिनांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना ही युक्ती समजावून सांगायला नको. सुरुवात पेट्रोलच्या पेलाभर धारेवर, आणि मग कॉक फिरवून रॉकेल!

फेब्रुवारी १९४८ मध्ये चेंतो गावच्या जत्रेत त्याने हा ट्रॅक्टर लोकांपुढे उभा केला. नाव कारिओका. दिवसभरात अकरा विकले गेले. त्याच साली कारखाना निघाला, आणि दहा-बारा वर्षांत लॅम्बोर्गिनी हे इटलीतल्या मोठ्या ट्रॅक्टर कारखानदारांत गणले जाऊ लागले.

पैसा आला तशा चांगल्या मोटारीही आल्या. शेजारच्या मोदेना भागातली फेरारी ही त्या वेळची सर्वांत नामांकित शर्यतीची मोटार. फेरुच्चोकडे फेरारी होती आणि तिचा क्लच वारंवार जाई. तो स्वतःच उकलून पाहिला तर आपल्या ट्रॅक्टरात वापरतो त्याच जातीचा निघाला, अशी गोष्ट तो पुढे सांगत असे. ती तक्रार घेऊन तो फेरारीच्या मालकाकडे गेला, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याने मोटारींविषयी आम्हाला शिकवू नये अशा अर्थाचे उत्तर मिळाले, आणि त्या रागात त्याने मोटारींचा कारखाना काढला, असे म्हणतात. गोष्ट सांगता सांगता थोडी वाढली असेलही. पण १९६३ साली बोलोन्याजवळ सांत आगाता या गावी शेतांच्या मधोमध कारखाना उभा राहिला हे खरे, आणि तो आजही तिथेच आहे.

बैलाचे नाव

त्या कारखान्यात तीन तरुण होते. दाल्लारा आणि स्तान्झानी हे दोन इंजिनिअर, आणि न्यूझीलंडहून आलेला बॉब वॉलेस नावाचा चालक-मिस्त्री. तिघेही तिशीच्या आतले. मालकाला हवी होती प्रवासाची आरामशीर, दमदार मोटार. या पोरांच्या डोक्यात मात्र शर्यत होती. कामाची वेळ संपल्यावर बसून त्यांनी एक नकाशा तयार केला. बारा सिलिंडरांचे इंजिन पुढे न ठेवता बैठकीच्या पाठीमागे, आणि तेही आडवे! शर्यतीच्या गाड्यांत इंजिन मागे आलेले होते, पण रोज रस्त्यावर चालवायला विकायच्या एवढ्या मोठ्या गाडीत हे धाडस नवेच होते. मालकाने परवानगी दिली, ती जाहिरातीपुरती होईल, फार खपायची नाही, अशा हिशेबाने.

नोव्हेंबर १९६५ मध्ये तोरिनोच्या प्रदर्शनात नुसता सांगाडा मांडला. ना टप, ना दरवाजे. तरी लोक आगाऊ पैसे द्यायला तयार झाले. मग बेर्तोने या मोटारींची अंगे घडवणाऱ्या पेढीतल्या मार्चेल्लो गांदीनी या सत्तावीस वर्षांच्या कारागिराने तिला रूप दिले, आणि मार्च १९६६ मध्ये जिनिव्हाला पुरी मोटार आली. घाई इतकी झाली होती की इंजिन बसवायला वेळच उरला नाही, त्या जागी वजन भरून झाकण बंद ठेवले होते, असे सांगतात. मुलगी दाखवताना स्वयंपाक शेजारणीने केलेला असावा तसला हा प्रकार, पण लग्न ठरले!

मिउरा हे स्पेनमधल्या सेव्हिल भागातल्या एका घराण्याचे नाव. झुंजीचे बैल पैदा करण्यासाठी ते घराणे प्रसिद्ध आहे. फेरुच्चोची रास वृषभ, म्हणून कारखान्याचे चिन्हही बैलच. झुंजीत बैल मारण्याची त्यांची रीत आपल्याला रुचणारी नाही. पोळ्याला ज्याच्या पाया पडायचे त्याला तलवार खुपसायची ही कल्पनाच सोसत नाही. पण चांगले वळू निपजण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वंशावळ राखणारे घराणे म्हटले, की त्याची किंमत आपल्या खिल्लारवाल्यांना कळेल.

१९६६ ते १९७३ या काळात मिउरा झाल्या साऱ्या मिळून सुमारे साडेसातशे. शेवटच्या, एसव्ही नावाच्या, अवघ्या दीडशे. अश्वशक्ती ३५० पासून ३८५ पर्यंत वाढत गेली.

मग वाईट दिवस आले. बोलिव्हिया देशाने मागवलेल्या ट्रॅक्टरांची मोठी ऑर्डर तिथले सरकार बदलताच रद्द झाली आणि ट्रॅक्टरांचा धंदा अडचणीत सापडला. फेरुच्चोने ट्रॅक्टर कारखाना विकला. तो सामे या इटालियन कंपनीकडे गेला, आणि लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर आजही निघतात. १९७४ पर्यंत मोटारींच्या कारखान्यातूनही तो मोकळा झाला. पुढे त्याने उंब्रिया भागात, पानिकाले गावाजवळ, द्राक्षमळा केला आणि वारुणी काढली. १९९३ साली तो वारला तोवर मळेवाल्याचा पोर मळेवालाच राहिला होता.

जीर्णोद्धार

जुनी मिउरा आज विकायला निघते तेव्हा जाहिरातीत लिहिलेले असते की गाडीचा पूर्ण जीर्णोद्धार केला आहे. या दोन शब्दांत काय काय येते ते पाहण्यासारखे आहे, कारण सगळी किंमत तिथेच ठरते.

या गाड्यांनी मधल्या काळात फार हाल सोसले. १९७३ साली तेल भडकले आणि तहानलेल्या गाड्यांना गिऱ्हाईक उरले नाही. ज्याने त्याने पाहिजे तशा ठोकून-ठाकून वापरल्या. काही जळाल्या, आणि त्याला कारण होते. प्रत्येकी तीन तोंडांचे चार कार्बुरेटर बरोबर बैठकीच्या मागे, तापलेल्या इंजिनावर. गाडी उभी राहून इंजिन नुसते चालू राहिले की पेट्रोल साचून ओघळे, आणि ठिणगी पडायचा अवकाश. बंबाला वर्दी जाईपर्यंत लाखमोलाच्या गाडीची राख.

दुसरे दुखणे तेलाचे. आपल्या ट्रॅक्टरात इंजिनचे ऑइल वेगळे, गिअरचे वेगळे, हे कोणत्याही ड्रायव्हरला ठाऊक असते. जागा वाचवायची म्हणून मिउरात इंजिन आणि गिअर एकाच ओतीव घरात बसवले आणि दोघांना ऑइलही एकच दिले. गिअरचे दाते झिजले की लोखंडाचा बारीक कीस त्या ऑइलबरोबर इंजिनात फिरणार. शेवटच्या काही एसव्ही गाड्यांत कारखान्याने ही चूक सुधारली आणि दोन तेले वेगळी केली. आज तसल्या गाडीला जास्त भाव येतो तो त्यामुळे. बाहेरून पाहिले तर फरक काहीच दिसत नाही!

तिसरे दुखणे गंजाचे. गाडीचा सांगाडा पोलादी पत्र्याच्या पोकळ पेट्यांचा केलेला, आणि वजन कमी व्हावे म्हणून त्याला जागोजागी भोके पाडलेली. ओल आत शिरते, बाहेर पडत नाही. वरून रंग लखलखतो आणि आतून पत्रा पापडासारखा होतो.

तेव्हा जीर्णोद्धार करणारा मिस्त्री प्रथम गाडी संपूर्ण उकलतो. प्रत्येक खिळा, प्रत्येक बिजागरी, पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवायची. रंग खरवडून नागडा पत्रा काढायचा. मागे कोणी ठोकर खाऊन लांबी भरली असेल तर ती तिथे उघडी पडते. पुढची आणि मागची मोठी झाकणे ॲल्युमिनियमची. ती पुन्हा घडवायची तर साच्यातून निघत नाहीत, हातोडीने ठोकून आकार आणावा लागतो, आणि असे हात आता इटलीतही कमी उरले आहेत. सांगाड्याचा कुजलेला भाग तेवढाच कापून तिथे नवा जोडायचा. इंजिनाचे बारा पिस्टन, चार कॅमशाफ्ट, सारे मापून पाहायचे. एका गाडीला दोन-दोन, तीन-तीन वर्षे जातात.

नवे घालण्यात कसब नाही. जुने किती राखले यात कसब आहे. सगळे भाग नवे घातले तर गाडी चालेल, पण मग ती १९६८ सालची गाडी कशी म्हणायची? म्हणून चांगला मिस्त्री झिजलेला भाग फेकत नाही. तो दुरुस्त होतो का ते आधी बघतो, आणि अगदीच बदलावा लागला तर जुना भाग पेटीत भरून मालकाला देतो. विक्रीच्या वेळी ती पेटी गाडीबरोबर जाते. अलीकडे तर ज्या गाडीला कोणी हातच लावला नाही, मूळचा रंग उडालेला का असेना पण अंगावर आहे, ती गाडी काही संग्राहक जास्त मोलाची मानतात. मला हे पटते. जुन्या वाड्याचा कोरीव खांब तैलरंगाने चोपडला की तो गुळगुळीत दिसतो, पण सुताराच्या पटाशीचा घाव बुजून जातो.

सातबारा मोटारीचा

बैलबाजारात लबाडी कशी चालते ते आपण जाणतो. शिंगे तासायची, अंगाला तेल चोपडायचे, आणि म्हातारा बैल चौसा म्हणून गळ्यात मारायचा. मिउराच्या बाजारातही तेच. पहिल्या पहिल्या साध्या गाड्यांना एसव्हीची रुंद चाके आणि मागचे फुगीर पत्रे बसवून कितीतरी जणांनी त्यांचे सोंग सजवले. म्हणून जाणता गिऱ्हाईक तोंडात बोट घालून दात मोजतो, म्हणजे सांगाड्यावर ठोकलेला नंबर पाहतो, इंजिनावरचा पाहतो, आतल्या पत्र्यांवर कारागिरांनी टाकलेले क्रमांक शोधतो, आणि ते सारे कारखान्याच्या वहीशी ताडून बघतो. कोणत्या नंबरची गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या कातड्याची, कोणत्या तारखेला कोणाकडे गेली, हे त्या वहीत असते. लॅम्बोर्गिनी कारखान्याने २०१५ साली यासाठी पोलो स्तोरिको नावाचे वेगळे खातेच उघडले आहे. जुनी कागदपत्रे जपणे, गाडी तपासून दाखला देणे आणि जीर्णोद्धार करणे ही त्याची कामे.

या दाखल्याने काय फरक पडतो त्याचे एक नमुनेदार उदाहरण आहे. ‘द इटालियन जॉब’ नावाचा इंग्रजी चित्रपट १९६९ साली आला. त्याच्या सुरुवातीला आल्प्स पर्वताच्या घाटातून एक नारिंगी मिउरा वळणे घेत जाते आणि बोगद्यात आपटून तिचा चक्काचूर होतो. दरीत ढकलली ती आधीच अपघातात मोडलेली दुसरीच मिउरा होती. मग घाटात धावलेली धडधाकट गाडी कुठे गेली? ती नवीच होती, चित्रीकरण उरकून गिऱ्हाइकाच्या हवाली झाली, आणि पुढे हातोहात फिरत नाहीशी झाली. पन्नास वर्षे शोधणारे शोधत होते.

२०१९ साली कारखान्याने दाखला दिला की ३५८६ नंबरची गाडी तीच. तेव्हा ती लिख्टेनश्टाईनमधल्या एका संग्राहकाच्या ताब्यात होती. वही तपासली, चित्रीकरणात गाडी चालवणाऱ्या कारखान्याच्या जुन्या माणसाची साक्ष काढली. आणि एक बारीक खूण होती. गाडीच्या बैठका पांढऱ्या कातड्याच्या. चित्रीकरणात मळतील म्हणून त्या काढून काळ्या बसवल्या होत्या. पण डोके टेकायच्या उशा मागच्या काचेला जोडलेल्या, त्यांना काळा जोड मिळेना, म्हणून त्या पांढऱ्याच राहिल्या. चित्रपटात नीट पाहिले तर काळ्या बैठकांवर पांढऱ्या उशा दिसतात. वारसाच्या दाव्यात अंगावरचा तीळ साक्षीला यावा तशी ही गोष्ट.

कागद असला म्हणजे मालकाचा इतिहासही पैशात मोजला जातो. इराणच्या शहाने १९७१ साली कारखान्याकडून खास करवून घेतलेली मिउरा अशीच. १९७९ साली क्रांती झाली, शहा परागंदा झाला, गाडी सरकारजमा झाली आणि बरीच वर्षे तिथे पडून राहिली. १९९७ साली ती जिनिव्हाच्या लिलावात आली आणि अमेरिकन नट निकोलस केज याने घेतली, पाच लाख डॉलरच्या आतबाहेर. त्या काळी मिउराला तेवढे मिळाले याचेच नवल वाटले होते. आजचा भाव पाहता तो सौदा स्वस्तातला म्हणायला हवा.

लिलावाची रीत आपल्या मार्केट यार्डाहून फार निराळी नाही. अंदाजे भाव आधी छापतात, मालकाची एक राखीव किंमत गुप्त असते, बोली तिच्या खाली राहिली तर माल परत. आडत तिथेही आहे. बोलीच्या वर दहा-बारा टक्के घेणाऱ्याकडून, आणि विकणाऱ्याकडून ठरेल ते. मात्र उत्तम गाड्या पुष्कळदा लिलावात येतच नाहीत. दोन माणसे एका खोलीत बसतात आणि रुमालाखाली बोटे धरावीत तसा सौदा होतो. आकडा तिसऱ्याला कळत नाही.

आपल्या गोठ्याकडची गाडी

मिउरा आपल्या गावात येण्याचा संभव नाही. जुन्या मोटारी परदेशातून आणायला भारतात १९५० पूर्वीच्याच गाड्यांना मोकळीक होती. २०२५ साली ती पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना मिळाली, पण जकात भरणे हे मोठ्या शहरांतल्या हौशी धनिकांचे काम.

आपल्याशी संबंध आहे तो वेगळ्या नियमाचा. पुष्कळ घरांच्या पडवीत किंवा गोठ्याच्या कडेला आजोबांची जीप, नाहीतर म्हैसूरला बनलेली जावा मोटारसायकल गवताखाली पडलेली असते. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांवरच्या दुचाकी आणि खाजगी चारचाकी गाड्यांसाठी नोंदणीची स्वतंत्र सोय केली. नव्या नोंदणीला फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला ५,०००. नंबरपाटीवर राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अट अशी की सांगाडा, टप आणि इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. अशी गाडी प्रदर्शनाला, फेरीला नेता येते. रोजच्या वापराला किंवा भाड्याने लावायला मनाई आहे. ट्रॅक्टर या नियमात बसत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे.

म्हणून भंगारवाला काटा घेऊन दारात आला आणि किलोचा भाव सांगू लागला, तर त्याला जरा थांबवा. आधी सांगाड्यावरचा नंबर शोधा. घासकागद लावू नका, रॉकेलच्या फडक्याने हलकेच पुसा. इंजिनावरचा नंबर बघा. मग ट्रंकेतले जुने पासिंगचे पुस्तक काढा आणि दोन्ही नंबर त्याच्याशी जुळतात का ते पाहा. जुळले तर पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवा, गाडीवर ताडपत्री टाका, आणि सवडीने तालुक्याच्या जाणत्या मिस्त्रीला बोलावून दाखवा. तो येईपर्यंत तिला रंग देऊ नका.